सुगंधी तेलांची कसोटी आणि फरीदाबादची जबाबदारी

कीटकनाशक व्यवस्थापन विधेयकाचा नवा मसुदा केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२६ मध्ये सूचना आणि हरकतींसाठी जाहीर केला. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हे. २००८ आणि २०२० मध्येही अशी विधेयके संसदेत मांडली गेली होती. मात्र त्यांचे कायद्यात रूपांतर होऊ शकले नाही. या वेळच्या चर्चेत बनावट औषधे, दंडाची रक्कम आणि कंपन्यांची जबाबदारी हे मुद्दे स्वाभाविकपणे पुढे आले. त्या मानाने मागे राहिलेला एक प्रश्न शेतकऱ्यांच्या आणि सामान्य ग्राहकांच्याही रोजच्या व्यवहाराशी निगडित आहे. वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांना आणि अर्कांना कायद्याने कोणती कसोटी लावावी, हा तो प्रश्न होय.

त्याचे महत्त्व वाढण्यास सरकारचे स्वतःचे धोरणही कारणीभूत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली. २,४८१ कोटी रुपयांच्या या अभियानात एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे आणि दहा हजार जैविक निविष्ठा केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने नैसर्गिक शेतीचे स्वतंत्र अभियान चालते. दशपर्णी अर्क, निमास्त्र, अग्निअस्त्र हे शब्द आता विदर्भ-मराठवाड्यातील गावागावांत रुळले आहेत. त्यामागे केवळ खर्चाचा विचार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या हंगामाची आठवण अजून पुसली गेलेली नाही. रासायनिक औषधांना पर्याय हवा, ही मागणी त्या अनुभवातून आलेली आहे आणि ती रास्त आहे.

या मागणीचे उत्तर ज्या ठिकाणाहून अपेक्षित आहे, ते ठिकाण म्हणजे दिल्लीच्या दक्षिणेला लागून असलेले हरियाणातील फरीदाबाद. मराठी वाचकांना हे शहर ट्रॅक्टरच्या कारखान्यांमुळे, आणि जुन्या पिढीला कदाचित तेथील मेंदीमुळे ठाऊक असेल. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालयाचे मुख्यालय येथे आहे. देशात कोणतेही कीटकनाशक विकण्यापूर्वी ज्या समितीकडे त्याची नोंदणी करावी लागते, त्या नोंदणी समितीचे कामकाज येथूनच चालते आणि केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळाही येथेच आहे. एखाद्या नमुन्याबाबत राज्याच्या विश्लेषकाशी वाद झाला, तर या प्रयोगशाळेचा अहवाल कायद्याने अंतिम पुरावा मानला जातो. मुळात हा कायदा झाला तोच एका दुर्घटनेमुळे. १९५८ मध्ये जहाजातून नेलेल्या धान्यपिठात पॅराथिऑन हे विष मिसळले गेले आणि केरळ व मद्रास भागात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे दहा वर्षांनी कायदा अस्तित्वात आला.

तो कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पॅराथिऑनसारखे एकच एक, कारखान्यात बनलेले रसायन होते. सुगंधी तेल ही त्याहून सर्वस्वी निराळी वस्तू आहे. वाफेच्या साहाय्याने पाने, फुले, साली किंवा मुळ्यांतून काढलेल्या अशा तेलात अनेकदा पन्नासहून अधिक, कधी शंभराहूनही अधिक घटक असतात. त्यांतील दोन-तीन घटक प्रमुख असतात आणि तेलाचा गुण बहुतांशी त्यांच्यावर ठरतो. लवंगेच्या तेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल, गवती चहाच्या तेलात सिट्रल, ही त्याची घरोघरी परिचित उदाहरणे. परंतु हे प्रमाण पक्के नसते. जमीन, हवामान, कापणीचा महिना, पाने सुकवून वापरली की ओली, भट्टीवर किती वेळ ठेवली, या सर्वांवर ते बदलते. इतकेच नव्हे, तर एकाच जातीच्या दोन रोपांत मुळातच वेगळे रसायन असू शकते. तुळशीचे उदाहरण बोलके आहे. काही तुळशींच्या तेलात युजेनॉल अधिक असते, काहींत मिथाइल युजेनॉल, तर काहींत लिनालूल किंवा मिथाइल चॅव्हिकॉल. बाटलीवर केवळ ‘तुळस तेल’ असे लिहिले, तर आत नेमके काय आहे हे त्यावरून कळत नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. खानदेशातील रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जात असे. तेथे त्याला ‘जिरेनियम तेल’ असे नाव मिळाले आणि बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होऊ लागली. ही भेसळ इतकी बेमालूम होण्याचे कारण रसायनातच होते. रोशाच्या मोतिया प्रकाराच्या तेलात जिरॅनिऑल हा घटक तीन-चतुर्थांशाहून अधिक असतो आणि गुलाबाच्या सुगंधातही त्याचा मोठा वाटा आहे. याच गवताच्या सोफिया प्रकाराचे तेल मात्र निराळे निघते आणि त्याला भावही कमी मिळतो. दिसायला दोन्ही गवते जवळजवळ सारखीच. पिंपळनेर, नंदुरबारकडील जुन्या भट्टीवाल्यांना हा फरक नाकाने कळत असे. आज त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. मात्र यंत्रालाही मर्यादा आहेत. जिरॅनिऑल आता कारखान्यात स्वस्तात तयार होते आणि निकृष्ट तेलात ते मिसळले, तर साध्या चाचणीत आकडा बरोबरच येतो. ते उघड करण्यास अधिक सूक्ष्म आणि खर्चिक तपासणी करावी लागते.

आता या तेलांच्या परिणामाविषयी. युजेनॉल, जिरॅनिऑल, थायमॉल यांसारखे घटक कीटकांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात, हे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यातील एक मार्ग ऑक्टोपामाइन या संदेशवाहक द्रव्याशी संबंधित आहे. कीटकांमध्ये हे द्रव्य महत्त्वाचे काम करते. सस्तन प्राण्यांत त्याला तसे स्थान नाही. किडीला मारक आणि माणसाला तुलनेने सौम्य, असे औषध शक्य असल्याची आशा यातून निर्माण होते. मधमाशांच्या पेट्यांतील व्हरोआ गोचिडीविरुद्ध थायमॉलचा वापर जगभर होतो, तो याच जातीचा. तथापि, प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत मिळालेले यश शेतात तसेच्या तसे उतरत नाही. ही तेले उडून जातात. जो गुण त्यांना सुगंध देतो, तोच शेतात उणीव ठरतो. उन्हात, वाऱ्यात काही तासांत त्यांचा प्रभाव ओसरतो. तेलाला सूक्ष्म आवरणात बंद करून हळूहळू सोडण्याचे तंत्र यासाठीच विकसित होत आहे. मात्र तसे उत्पादन शेतकऱ्याने घरी करण्याजोगे राहत नाही.

दशपर्णी अर्काचीही चिकित्सा येथे करायला हवी. पाला पाण्यात कित्येक दिवस कुजवून केलेल्या अर्कात बाष्परूपाने उडणारे तेल फारसे उरत नाही. जे उरते ते इतर, पाण्यात उतरणारे घटक. त्यांचे प्रमाण प्रत्येक पिंपात वेगळे असणार. त्याचा उपयोग होत नाही असा याचा अर्थ नव्हे, पण एका शेतातील अनुभव दुसऱ्या शेतात का येत नाही, याचे उत्तर बहुधा येथे सापडेल. या पाल्यात अनेकदा कण्हेरही असते आणि कण्हेरीतील द्रव्ये माणसाच्या हृदयावर घातक परिणाम करतात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे समजून हातमोजे न वापरण्याची सवय म्हणूनच काळजीची आहे.

घटकरचनेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे डास पळवून लावणाऱ्या तेलांवरून अधिक स्पष्ट होते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तयार होणाऱ्या एका द्रव्याची शिफारस अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था डीट, पिकारिडिन यांच्या बरोबरीने करते. परंतु हे द्रव्य म्हणजे त्या झाडाचे कच्चे तेल नव्हे. कच्च्या तेलात सिट्रोनेलॅल मुख्य असते. त्यावर प्रक्रिया करून पीएमडी या नावाने ओळखले जाणारे संयुग वाढवले जाते आणि तेच त्वचेवर तासन्‌तास टिकते. शुद्ध कच्च्या तेलाची शिफारस ही संस्था करत नाही आणि पीएमडीयुक्त उत्पादनेही तीन वर्षांखालील मुलांना लावू नयेत असे बजावते. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या ‘निलगिरीयुक्त’ किंवा ‘सिट्रोनेलायुक्त’ बाटलीवर यांपैकी कोणते द्रव्य किती आहे, हे शोधून पाहावे. बहुतेक वेळा निराशा पदरी पडेल. डेंग्यूच्या दिवसांत लहान मुलाच्या दंडावर लावलेली पट्टी तासाभरातच निष्प्रभ झालेली असेल, तर पालकांचा गाफीलपणा डासांपेक्षा अधिक महागात पडू शकतो.

वेखंडाची गोष्ट तर प्रत्येक मराठी घराच्या जवळची. बाळगुटीत सहाणेवर उगाळले जाणारे हे मूळ धान्यातील किडींवरही पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. दोन्ही उपयोगांमागे त्याचे तेल आहे. आपल्याकडील चतुर्गुणित वाणाच्या तेलात बीटा-असॅरोन हा घटक फार मोठ्या प्रमाणात आढळतो. तो कीटकांचे प्रजनन रोखतो, पण उंदरांवरील दीर्घ प्रयोगांत त्याने कर्करोगही निर्माण केला. अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास १९६८ मध्येच, म्हणजे योगायोगाने आपला कीटकनाशक कायदा झाला त्याच वर्षी, बंदी घातली. उत्तर अमेरिकेतील द्विगुणित वाणात हा घटक जवळजवळ नसतोच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत वेखंडाचे शोधन करूनच ते वापरावे असे सांगितले आहे, ही बाबही येथे नमूद करायला हवी. जुन्या वैद्यांनी जी सावधगिरी घेतली, ती बाजारातल्या तयार पुडीत घेतली जाते का, हे पुडीवरून कळण्याची सोय नाही.

कायद्याची गुंतागुंत नेमकी येथे आहे. तेच तेल पिकावर फवारण्यासाठी विकायचे असेल, तर फरीदाबादला नोंदणी हवी. तेथे रसायन, परिणामकारकता, विषारीपणा आणि वेष्टन यांची माहिती मागितली जाते. त्वचेवर लावायचे आयुर्वेदिक उत्पादन म्हणून विकायचे असेल, तर राज्याच्या औषध प्रशासनाचा परवाना पुरतो. खाद्यपदार्थात स्वादासाठी घालायचे असेल, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम लागू होतात. प्रत्येक दारावरील प्रश्न वेगळे आहेत आणि जो दरवाजा सर्वांत सोपा, त्यातून माल बाहेर पडतो. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतासाठी स्वतः वापरलेल्या द्रव्याला १९६८ चा कायदा लागू होत नाही. ही सवलत योग्यच आहे. मात्र तोच अर्क जैविक निविष्ठा केंद्रातून शेजाऱ्याला पैसे घेऊन दिला की प्रश्न बदलतो आणि दहा हजार केंद्रे उभी राहताना त्याचे स्पष्ट उत्तर असणे आवश्यक आहे.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत. अमेरिकेने १९९६ मध्ये लवंग, गवती चहा, सिट्रोनेला, पुदिना, थाइम यांच्या तेलांसह काही निवडक द्रव्यांना केंद्रीय नोंदणीतून सूट दिली. अट अशी, की प्रत्येक घटकाचे नाव लेबलवर असावे, क्रियाशील घटकाचे प्रमाण द्यावे आणि रोग टाळण्याचा दावा करू नये. युरोपात वाद उलट दिशेने झाला. गुलाब आणि लॅव्हेंडरच्या तेलाचे मोजमाप त्यातील सर्वांत धोकादायक घटकावरून करावे, की तेल एकसंध वस्तू मानून करावे, यावरून बल्गेरिया आणि फ्रान्समधील उत्पादकांनी आवाज उठवला. तेव्हा २०२४ मध्ये नियम सुधारताना वनस्पतिजन्य अर्कांना काही काळापुरती सूट देण्यात आली. दोन्हीकडे एक गोष्ट समान दिसते. ती म्हणजे चर्चा वनस्पतीच्या नावावर थांबली नाही, घटकांपर्यंत गेली.

आपल्याकडे कडुनिंबाच्या बाबतीत हे पूर्वीच घडले आहे. नोंदणीकृत निंबयुक्त औषधांच्या बाटलीवर अ‍ॅझाडिरॅक्टिनचे प्रमाण, म्हणजे ३००, १,५०० किंवा १०,००० पीपीएम, छापलेले असते आणि नाशिक-सांगलीचा बागायतदार त्या आकड्याने औषध मागतो. अर्थात हे तेल सुगंधी तेलांच्या वर्गातले नाही आणि त्याचा प्रमुख घटक एकच असल्याने काम सोपे झाले. तरी रोशा, गवती चहा, ओवा यांच्यासाठी प्रमुख दोन-तीन घटकांची किमान-कमाल मर्यादा ठरवून देणे अशक्य नाही. त्यासाठी लागणारी माहिती लखनौच्या सीमॅपसारख्या संस्थांकडे आहे. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांनाही सुगंधी गवतांकडे वळवण्याचा प्रयत्न झालेला आहे. ज्याने एकरभर रोशा लावला, त्याच्या दृष्टीने अशी मर्यादा ओझे न ठरता भावाची हमीच ठरेल, कारण कारखान्यातील स्वस्त जिरॅनिऑलशी त्याला आज वासावर स्पर्धा करावी लागते.

तोवर द्राक्ष बागायतदाराची अडचण कायम राहते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते आणि त्याचा फटका नाशिकच्या शेतकऱ्याला अनेक हंगाम जाणवला. ‘हर्बल’ म्हणून घेतलेल्या बाटलीत न सांगितलेले कृत्रिम कीटकनाशक निघाले, तर निर्यातीच्या तपासणीत उत्तर शेतकऱ्यालाच द्यावे लागते. विक्रेत्याने दिलेल्या पावतीवर केवळ ‘वनस्पती अर्क’ असे लिहिलेले असते आणि नोंदणी क्रमांकाची जागा रिकामी असते.