आधी कारण, मग बिल

आमचे वॉशिंग मशीन तासभर पाणी घेई, पण भरत नसे. दुरुस्तीवाल्याने पंपच बदलायला सांगितले. आई पुन्हा धुण्याच्या दगडाकडे वळली. मी पाहिले, तर सांडपाण्याची नळी मोरीत जमिनीवर लोळत होती! तिचे तोंड आतल्या पाण्याहून खाली असले, की पाणी आपसूक ओढले जाते. नळी उंच बांधली, मशीन भरले. बिल मांडण्यापूर्वी कारण सांगण्याचे बंधन हवेच, असे आम्हा कॉमर्सवाल्यांना तरी वाटते. पाणी येतच नसेल, तर बहुधा नळाकडच्या नळीची जाळी गाळाने भरलेली असते. बाहेर जात नसेल, तर पंपाची. शेजारच्या अक्कांचे पाणी असेच तुंबले होते. त्यांना कन्नडमधून समजावले, प्लग काढून जाळी उघडली. दोन गुंड्या आणि एक रुपया! रुपया त्यांनी माझ्याच हातावर ठेवला.