क्रोशाचा डबा आणि घराचा हिशेब

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी साताऱ्याच्या मोती चौकात काय किंवा सांगलीच्या गणपती पेठेत काय, दुकानातील मालाची मोजदाद होते. उरलेले पोते, फुटलेला खोका, बुडीत येणे, सारे वहीत उतरते. त्याच व्यापाऱ्याच्या घरी, माजघरातील कपाटात, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात क्रोशाच्या सुया, दोऱ्याचे गुंडे, अर्धे तोरण आणि घडी घालून ठेवलेला नक्षीचा कागद असतो. या डब्याची मोजदाद मात्र सहसा होत नाही. वास्तविक क्रोशाकाम करणाऱ्या स्त्रीचे ते भांडवल होय. त्यात काय असावे आणि त्याचे मोल कसे करावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम सुई. बारीक सुती दोऱ्यासाठी पोलादी सुई आणि लोकरीसाठी ॲल्युमिनियमची किंवा बांबूची जाड सुई, अशी ढोबळ विभागणी आहे. युरोपात एके काळी हाडाच्या आणि हस्तिदंताच्या सुया वापरल्या जात. अहिंसा मानणाऱ्या घरांना आज पोलाद आणि बांबू हे निर्दोष पर्याय सहज उपलब्ध आहेत. पोलादी सुयांच्या क्रमांकांच्या पद्धती देशागणिक भिन्न असल्यामुळे सुई घेताना क्रमांकापेक्षा मिलिमीटरचे माप पाहावे. वीस नंबरच्या दोऱ्याला साधारण सव्वा मिलिमीटरची, तर चाळीस नंबरच्या दोऱ्याला एक मिलिमीटरच्या आसपासची सुई चालते. सुईचे टोक बोटावर फिरवून पाहावे. ते खरखरीत असेल, तर दोऱ्याचे तंतू सुटतात आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते.

आपल्याकडे परिचित असलेल्या ‘पोनी’ सुया निलगिरीतील केट्टी येथील नीडल इंडस्ट्रीज या कंपनीच्या. ही कंपनी १९४९ साली स्थापन झाली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ती आणखी एका कारणाने ठाऊक असते. परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी भागधारकांचा वाटा कमी करावयाचा होता. त्यासाठी काढलेल्या हक्कभागांचे पत्र विदेशी भागधारक कंपनीला इतके उशिरा मिळाले, की तिला हक्क बजावण्यास अवधीच उरला नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या निकालपत्रात संचालकांवरील दडपशाहीचा आरोप मान्य झाला नाही. तथापि, भारतीय भागधारकांना जो अनायास लाभ झाला, त्याची भरपाई त्यांनी केली पाहिजे, असेही न्यायालयाने ठरविले. कायदा मोडला नसला, तरी दुसऱ्याच्या वाट्याचा लाभ फुकट घेऊ नये, हा त्या निकालाचा मथितार्थ पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरी वस्तू दोरा. दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा, तितका दोरा बारीक. दहा नंबरचा दोरा टेबलक्लॉथला, वीस नंबरचा तोरणाला आणि चाळीस नंबरचा रुमालाच्या नाजूक काठाला शोभतो. दोरा ‘मर्सराइज्ड’ आहे की नाही, हे वेष्टणावर पाहावे. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने कॉस्टिक सोड्याने सुतावर करावयाच्या प्रक्रियेचे पेटंट १८५० साली घेतले. त्याच्याच नावावरून हा शब्द आला. या प्रक्रियेने सूत बळकट होते व रंग चांगला धरते. पुढे सूत ताणून धरून ही प्रक्रिया होऊ लागली आणि त्याला रेशमासारखी चमक आली. त्यामुळे रेशीम न वापरणाऱ्या घरांची चांगलीच सोय झाली. मंदिरात न्यावयाचा तांदळाचा बटवा, जपमाळेची पिशवी, पोथीचे वेष्टण, हे सारे सुती दोऱ्यात उत्तम होते.

दोरा घेताना लॉट नंबर पाहावा, हे व्यापाऱ्याच्या घरी निराळे सांगावयास नको. हळदीच्या सौद्यात लॉट बदलला की रंगात फरक पडतो, हे सांगलीकर जाणतात. दोऱ्याच्या रंगाचेही तसेच आहे. मोठ्या कामासाठी लागणारे सर्व गुंडे एकाच लॉटचे व एकाच वेळी घ्यावेत आणि एक गुंडा जादा ठेवावा. याखेरीज डब्यात लहान धारदार कात्री, मोजपट्टी, दोऱ्याची टोके लपविण्यासाठी बोथट टोकाची सुई आणि टाक्यांची खूण ठेवण्यासाठी चार सेफ्टी पिना असल्या म्हणजे पुरे. साठी उलटलेल्या भगिनींनी चांगल्या दिव्याची भर घालावी. डोळे पुन्हा विकत मिळत नाहीत.

तिसरी वस्तू पुस्तक. टेरेझ द डिलमाँ या विदुषीचा सुईकामाचा ज्ञानकोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्रोशावर स्वतंत्र प्रकरण असून त्यातील आकृत्या आजही उपयोगी पडतात. इंग्रजी पुस्तके वापरताना एक सावधगिरी बाळगावी. ब्रिटिश पुस्तकातील ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन पुस्तकातील ‘सिंगल क्रोशे’, आणि ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’ तो अमेरिकनांचा ‘डबल’. पुस्तक कोणत्या देशाचे, हे न पाहता बाळाचे टोपडे विणावयास घेतले, तर ते मोठ्या भावंडाला व्हावे एवढे होते. चिन्हांच्या आकृतीला मात्र ही अडचण नाही. साखळी आणि खांब यांची चिन्हे एकदा ओळखता आली, की परभाषेतील नमुनाही वाचता येतो.

सर्वांत मोलाचे पुस्तक मात्र स्वतः लिहिलेली वही. प्रत्येक नमुन्याचा चार बोटे तुकडा विणून तो पानावर टाचावा. शेजारी सुईचे माप, दोऱ्याचा क्रमांक आणि साखळ्या-खांबांची संख्या लिहावी. आजीच्या हातची नक्षी तिच्यामागे नाहीशी होते, ती बहुधा अशी वही नसल्यामुळेच.

या वहीचे दुसरे पान हिशेबाचे असावे. अनेक घरांत सुना-लेकी आता तोरणे विकू लागल्या आहेत. उदाहरणार्थ, एका तोरणाला दीडशे रुपयांचा दोरा आणि तीस तास लागले व ते पाचशेला विकले, असे समजू. घरची मंडळी म्हणतात, साडेतीनशे सुटले. पण भागाकार केला तर तासाला बारा रुपयेही पडत नाहीत. या दराने दुकानातील पोती उचलावयास हमालही येणार नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठच्या नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकविली आणि तिचा मोठा निर्यात व्यापार उभा राहिला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने तेथील कारागीर स्त्रियांवर लिहिलेला ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांना ‘गृहिणी’ आणि त्यांच्या श्रमांना ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हटले गेल्यामुळे मजुरी अत्यल्प राहिली, हे त्यांनी दाखवून दिले. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाला, तसा तो हातांनाही मिळावयास हवा. दुसऱ्याच्या वाट्याचा लाभ फुकट घेऊ नये, हे तत्त्व भागांना लागू आहे, तसे श्रमांनाही आहे.

हिशेब बायकांना कुठे जमणार, असे कोणी म्हणेल, तर सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण पाहावे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली तेथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक सभासदांपैकी अनेक जणी निरक्षर असल्यामुळे परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. त्या बायका अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि व्याजाचे गणित आमच्याकडून तोंडी करवून घ्या, असे अधिकाऱ्यांना म्हणाल्या. परवाना मिळाला. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वह्या पूजल्या जातात, तेथील सुनेला तासांचा हिशेब मांडणे अवघड नाही. तिने तो मांडला, तर घरच्यांनी तो वाचावा आणि पुढच्या तोरणाची किंमत तिलाच ठरवू द्यावी.