चहाबागेतलं घर

आई पुण्याहून आली, की सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानी चहाबागेत आमची एक फेरी ठरलेली. या वेळी अर्धगोल पुलापाशी तिने विचारलं, "एवढी निगा राखणारा माणूस राहायचा कुठे?"

मी तिला पलीकडचा खोलगट बगीचा दाखवला. हागिवारा कुटुंबाचं घर तिथेच होतं. १८९४च्या प्रदर्शनातली ही बाग माकोतो हागिवारा यांनी वाढवली. त्यांच्यामागे लेकीने सांभाळली. १९४२मध्ये, युद्धाच्या काळात, या किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत नेलं. हागिवारांचंही घर सुटलं. पुढे ते पाडलं गेलं, बागेचं नावही बदललं. नाव १९५२मध्ये परत मिळालं, नंतर त्यांची बुटकी झाडंही आली. कुटुंब मात्र इथे राहायला परतलं नाही.

"ते परदेशी होते का?" माझ्या लेकीने विचारलं.

"छावण्यांतले बहुतेक जण याच देशात जन्मले होते."

"माझ्यासारखे?"

मी नुसती मान हलवली. आईने नातीचा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "यंदा एक पणती त्या घराच्या नावाने लाव."