रामगढचे गावकरी

'शोले'तल्या (१९७५) रामगढकरांचं कौतुक मला ऐकवू नका. आंधळे इमामसाहेब चार वाक्यं बोलतात नि अख्खं गाव लाजून गप्प! असं गाव जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात दाखवा, भरीत-पार्टी माझ्याकडे लागली.

खरे गावकरी 'हाय नून'मधले (१९५२). गुंड बाराच्या गाडीनं येणार, तर हे चर्चमध्ये सभा भरवतात, मार्शलची तोंडभर स्तुती करतात आणि त्यालाच गाव सोडायला सांगतात. थेट आमच्या गल्लीची मीटिंग! फरक इतकाच, आमच्याकडे गाडी लेट म्हणून चहा दोनदा झाला असता.

लोक त्यांना भ्याड म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या गल्लीतल्या दादानं शेजारच्या मास्तरांची कॉलर धरली, तेव्हा सगळे खिडक्यांत होते. आमची खिडकी तेवढी बंद होती. फटीतून नीट दिसत होतं.