पदके मोजणाऱ्यांनी पायऱ्याही मोजाव्यात

पॅरिसच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत २०२४ साली भारताच्या ८४ खेळाडूंनी ७ सुवर्णपदकांसह २९ पदके मिळविली. रिओला २०१६ साली १९ खेळाडू गेले होते व ४ पदके आली होती. ही झेप सामान्य नव्हे. सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेतून निवडक अपंग खेळाडूंना प्रशिक्षण व अर्थसाह्य मिळाले, त्याचाही तीत वाटा आहे, हे विरोधकांनीसुद्धा मोकळेपणाने मान्य करावे. परंतु या खेळाडूंच्या नावाने चालणारी राष्ट्रीय संस्था खरोखर कोणाची, हा सवाल पदकांच्या झगमगाटात बाजूला पडता कामा नये.

भारतीय पॅरालिम्पिक समितीचे मूळ १९९२ साली स्थापन झालेल्या संघटनेत आहे. तिचा पुढील इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. मार्च २०१५ मध्ये गाझियाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत देशभरातून आलेल्या अपंग खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरविण्यात आले. चाकाच्या खुर्चीला रॅम्प नाही, वापरता येईल असे स्वच्छतागृह नाही. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांच्याच शरीराचा संस्थेला विसर पडावा! त्याच वर्षी अंतर्गत भांडणांपायी आंतरराष्ट्रीय समितीने तिला निलंबित केले. ते निलंबन २०१६ मध्ये उठले. २०१९ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने मान्यता काढून घेतली, ती वर्षभरात परत दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पॅरिस सहा-सात महिन्यांवर आले असता, वेळेवर निवडणुका न घेतल्याबद्दल मंत्रालयाने पुन्हा निलंबनाचा बडगा उगारला. पदाधिकाऱ्यांची भांडणे खुर्चीसाठी होतात. शिक्षा मात्र सरावाला बसलेल्या खेळाडूला होते.

मार्च २०२४ मध्ये देवेंद्र झाझरिया अध्यक्ष झाले. त्यांच्या आधी दीपा मलिक अध्यक्ष होत्या. दोघेही पॅरालिम्पिक पदकविजेते, म्हणजे लागोपाठ दोन वेळा सूत्रे खेळाडूंकडे आली. हा बदल स्वागतार्ह आहे. झाझरिया यांनी २००४ साली अथेन्सला भालाफेकीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. पुढे २००८ व २०१२ च्या स्पर्धांत त्यांच्या अपंगत्वगटाची भालाफेकच नव्हती. रिओत दुसरे सुवर्ण येईतो बारा वर्षे लोटली. आपला खेळप्रकार कार्यक्रमातून गळाला, तर आपल्या वतीने बोलणार कोण, हे त्यांच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल. तथापि एक थोर खेळाडू अध्यक्ष होणे म्हणजे संस्था लोकशाहीवादी होणे नव्हे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने कार्यकारिणीत खेळाडू व महिलांना जागा ठेवल्या आहेत. त्या जागा शोभेच्या राहू नयेत, यासाठी निवड व खर्च यांचा हिशेब जिल्ह्यातील खेळाडूला मागता आला पाहिजे.

आणि जिल्ह्यात आहे काय? सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी देशाला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वेळी अशी राष्ट्रीय संस्थाच नव्हती. पद्मश्री त्यांना २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी मिळाली. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक घेतले. पण अशी नावे अपवादानेच वर येतात. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली, त्यांतील बहुसंख्य खेड्यांत राहतात. त्यांच्या शाळेला पायऱ्या आहेत, एस.टी.लाही पायऱ्याच. ‘टॉप्स’चा हात शिखराजवळ पोहोचलेल्यालाच लागतो, पायथ्याशी कोणी उभे नाही. (सरकारने मध्यंतरी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला. दिव्यत्वाने बसमध्ये चढता येत नाही, म्हणून हा लेखक जुन्याच शब्दावर समाधानी आहे.)

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने खेळातील सहभाग हा हक्क म्हणून मान्य केला आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचे आहेत. आपल्या गावी ते खर्च होतात काय, झाले तर साहित्यवाटपाच्या समारंभापलीकडे मैदान, प्रशिक्षक, क्रीडा-खुर्ची यांवर त्यांतील किती रुपये पडतात, हे कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत लेखी विचारावे, आणि विचारताना गावातील अपंग तरुणांना पुढच्या रांगेत बसवावे.