तेवढं पॉवरचं बघून घे

मागच्या शनिवारी माळा आवरताना बी.ई.च्या प्रोजेक्टचा बोर्ड सापडला. २०१९ सालचा, बुटाच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आईने "टाकून देऊ का रे हे?" असं विचारलं आणि मी नको तितक्या जोरात "थांब!" म्हणालो. मग काय, अख्खा वीकेंड त्यातच गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बोर्डवर एक एफपीजीए आहे. म्हणजे अशी चिप, जिच्या आतलं सर्किट आपण कोड लिहून ठरवतो. आमची होती स्पार्टन-६ एलएक्स९, १४४ पायांची, पण हाताने सोल्डर करता येणारी. कॅमेऱ्यातून चित्र घ्यायचं, त्यातल्या वस्तूंच्या कडा शोधायच्या आणि मॉनिटरवर दाखवायच्या, असा प्रोजेक्ट. कोड माझ्या पार्टनरचा, बोर्ड माझा. बोर्डचं डिझाइन चालू असताना सगळ्यात शेवटी कोणीतरी म्हणालं, "तेवढं पॉवरचं बघून घे." मी बघून घेतलं. म्हणजे तपकीर गल्लीत गेलो, १११७ जातीचे दोन रेग्युलेटर घेतले, एक ३.३ चा, एक १.२ चा. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर घरात होताच. विषय संपला!

बोर्ड चालायचा. पाच-सात मिनिटं. त्यानंतर कडा शोधायचं बटण दाबलं की पडद्यावर मुंग्या. पार्टनरने कोड तीनदा नव्याने लिहिला. मी दर वेळी एकच सांगायचो, "तुझं टायमिंग बसत नाहीये." तो बिचारा टायमिंग रिपोर्ट दाखवायचा, सगळं पास. मी मल्टीमीटर लावून दाखवायचो, १.१९ व्होल्ट. सप्लाय ओके. म्हणजे चूक कोडमध्येच, नाही का? एक्स्टर्नलसमोर मुंग्या आल्या तेव्हा मीच तोंड उघडलं, "सर, कोडमध्ये थोडा इश्यू आहे." मार्क त्याचे गेले, माझे नाही.

तर या शनिवारी एका मित्राकडून स्कोप उसना आणला आणि प्रोब थेट चिपच्या पायांवर लावला. काम चालू असताना १.१७ व्होल्ट. बटण दाबल्याच्या क्षणी १.०९. या चिपच्या गाभ्याला १.२ व्होल्ट लागतात, पाच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे कमीत कमी १.१४. मुंग्या कुठून आल्या ते पाच सेकंदांत कळलं. २०१९ मध्ये मी मोजत होतो रेग्युलेटरच्या पायावर, चिपच्या नाही. शिवाय मल्टीमीटर सरासरी दाखवतो, मायक्रोसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही.

आता मला जे म्हणायचंय ते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कुठेतरी बसलंय की कमी व्होल्टेज म्हणजे सोपं काम. २३० व्होल्टला घाबरायचं, १.२ व्होल्टला काय घाबरायचं? शॉक लागत नाही हे खरं. पण सप्लाय निवडायचा असेल तर गोष्ट बरोबर उलटी आहे. व्होल्टेज जितकं खाली जातं तितकं काम अवघड होत जातं.

झायलिंक्सची एक्ससी२०६४ ही पहिली व्यावसायिक एफपीजीए १९८५ ची. ती ५ व्होल्टवर चालायची. ५ व्होल्टचे पाच टक्के म्हणजे २५० मिलिव्होल्ट. एवढी ऐसपैस जागा असली की ७८०५ लावा आणि झोपा. आजच्या आर्टिक्स-७ चा गाभा १ व्होल्टचा. टक्के तेच पाच, पण हातात उरतात ५० मिलिव्होल्ट. वरून पॉवर तेवढीच हवी असेल तर करंट वाढतो. ५ वॉट म्हणजे ५ व्होल्टला १ ॲम्पियर, १ व्होल्टला ५ ॲम्पियर. चूक करायची जागा पाचपट कमी आणि चूक करणारा करंट पाचपट जास्त.

माझ्या बोर्डचा हिशोब पगारासारखा मांडतो. एकूण शिल्लक ६० मिलिव्होल्ट. रेग्युलेटरच्या आउटपुटमध्ये स्वतःची दोन टक्के चूक धरा, २४ गेले. रेग्युलेटरपासून चिपपर्यंत मी ०.३ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब अशी तांब्याची रेघ ओढली होती. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा एक चौकोन साधारण अर्धा मिलिओहम. अशा रेघेत शंभर चौकोन, म्हणजे ५० मिलिओहम. त्यातून ०.४ ॲम्पियर गेला की २० मिलिव्होल्ट वाटेतच खर्च. राहिले १६. महिनाअखेर! आणि त्या १६ मध्ये, बटण दाबल्यावर हजारो फ्लिपफ्लॉप एकदम उड्या मारायला लागतात तो झटका सहन करायचा. जवळ पुरेसे कपॅसिटर नाहीत, कारण "जागा नव्हती". (जागा होती. कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरात छापलं होतं तिथे.)

उष्णतेचं तर विचारूच नका. लिनिअर रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज स्वतःच्या अंगावर घेतो आणि उष्णता म्हणून फेकतो. ५ मधून १.२ काढायचे तर ३.८ व्होल्ट अंगावर, गुणिले ०.४ ॲम्पियर, म्हणजे दीड वॉट. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यात. चिपला मिळतो जेमतेम अर्धा वॉट. पाच-सात मिनिटांनी बोट ठेवलं तर चटका बसला, आणि आउटपुट अजून काही मिलिव्होल्ट खाली आलेलं. त्या पाच-सात मिनिटांचं कोडं सहा वर्षं उलटून गेल्यावर सुटलं.

हेच काम बक कन्व्हर्टरने केलं असतं तर? तो सेकंदाला लाखो वेळा स्विच चालू-बंद करतो, मध्ये इंडक्टर असतो, आणि ८५ टक्के कार्यक्षमता आरामात मिळते. उष्णता दीड वॉटऐवजी ०.१ वॉटच्या आत. म्हणून माझं मत: एफपीजीएच्या गाभ्याला काहीशे मिलिॲम्पियर लागत असतील तर लिनिअरचा विचारच करू नका. इंडक्टर आत असलेली तयार मॉड्यूल्स मिळतात, थोडी महाग असतात, घ्या. चिपवर हजारो रुपये घालवणारी माणसं सप्लायमध्ये शंभर रुपये वाचवतात तेव्हा मला आता हसू येत नाही.

पण याचा अर्थ लिनिअर वाईट असा नाही, आणि इथे काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. छोटी आइस४० जातीची चिप, ३.३ मधून १.२, करंट ५० मिलिॲम्पियर: उष्णता जेमतेम ०.१ वॉट. तिथे लिनिअरच लावा, स्वस्त आणि शांत. अशा ठिकाणी ३ ॲम्पियरचा बक लावला तर हलक्या लोडला तो मध्येमध्ये डुलक्या काढतो आणि रिपल वाढतो. पीएलएलसारख्या नाजूक भागाला तर बकच्या पुढे छोटा लिनिअर ठेवणंच बरं. दोष १११७ चा नव्हताच. मी फक्त "१.२ व्होल्ट" एवढंच वाचून दुकानात गेलो, किती ॲम्पियर हे विचारलंच नाही, हा होता.

आणि ते विचारायची सोय आहे. पॉवरचा अंदाज काढायला चिप कंपनीच एक्सेल शीट देते. फक्त त्यातल्या तयार आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. झायलिंक्सच्या शीटमध्ये टॉगल रेट १२.५ टक्के धरलेला असतो. कॅमेऱ्याचा डेटा त्यातून सतत धो धो वाहणार असेल तर तो वाढवून बघा. आलेल्या आकड्याची मी आता सरळ दुप्पट करतो. काहींना हे वाया घालवणं वाटतं. पण कोड पुढच्या महिन्यात वाढतो आणि बोर्ड वाढत नाही, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला मी काय सांगणार?

सध्या वीकेंडला आर्टिक्स-७ चा बोर्ड करतोय. या वेळी चिप ठरल्यावर पहिलं काम सप्लायचं केलं. १, १.८ आणि ३.३ व्होल्ट, तीन बक. डेटाशीट सांगते की आधी गाभा, मग १.८, शेवटी ३.३ चालू करा. त्यासाठी एकाच्या "पॉवर गुड" पायाची तार पुढच्याच्या "एनेबल"ला जोडली, वेगळं काही लागलं नाही. गाभ्याच्या बकला फीडबॅक चिपच्या अगदी जवळून दिलाय, म्हणजे रेघेत जे सांडेल ते तो स्वतः भरून काढेल. रेघ म्हणजे आता रेघ नाहीच, तांब्याचा पूर्ण पट्टा आहे.

पार्टनर आता बंगळुरूला आहे. चिप व्हेरिफिकेशन करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. शनिवारी रात्री त्याला स्कोपचा फोटो पाठवला, १.०९ च्या खड्ड्याभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं, "कोड बरोबर होता. सॉरी." दोन निळ्या टिक आल्या आणि तासभर काहीच नाही. मग आलं, "मी टायमिंग रिपोर्टची प्रिंट काढून आणली होती, आठवतंय?"

"आठवतंय."

"नव्या बोर्डचं लेआउट पाठव. या वेळी मी बघतो."

पाठवलं. रविवारी दुपारी उत्तर आलं: फीडबॅकची रेघ इंडक्टरच्या खालून गेलीये, हलव.