लेबल कुणाकडे बघतंय?

सिनेमात नायिका आरशासमोर बसली की सगळ्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे जातं, माझं टेबलावरच्या बाटल्यांकडे. रिमोट हातात असला तर चित्र थांबवायचं आणि टीव्हीला नाक लावून मधली बाटली कुठली ते बघायचं, हा माझा जुना नाद. घरचे वैतागतात. पण अष्टमी गावात या बाबतीत माझे गुरू आहेत, आमचे कटलरीवाले. टिकल्या, पिना, पावडरी विकण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना नाव वाचावंच लागत नाही. मालिकेत पावडरच्या डब्यावर कागद चिकटवून नाव झाकलेलं असतं, तरी हे खुर्चीतूनच सांगतात, "ताई, कागद लावून काय होतं? झाकण बघा ना. फिरवलं की भोकं उघडतात, ते झाकण कुणाचं?" डबा कुणाचा ते सांगतात, वर तो जुन्या मालातला की नव्या, हेही सांगतात.

त्यांच्याकडून शिकलेली एक युक्ती मी सगळीकडे वापरते. वस्तू कुठली, हे नंतर. आधी लेबल कुणाकडे बघतंय ते बघावं. आपण घरात बाटली कशीही ठेवतो, पाठमोरी, तिरकी, कधी आडवी. पडद्यावरच्या बाटलीचं नाव अगदी सरळ आपल्याकडे तोंड करून उभं असेल, तर ती नायिकेची नाही, कंपनीची. पैसे मोजून ठेवलेली. सुभाष घईंच्या 'यादें'मध्ये (2001) शीतपेयापासून मुखवासापर्यंत सगळं असं तोंड करून उभं होतं, आणि लोकांनी कथेपेक्षा त्याचीच चर्चा जास्त केली. याच्या उलट गंमत 'दबंग'ची (2010). गाण्यात झंडू बामचं नाव आलं, तेव्हा कंपनीने आधी कायद्याचा बडगा उगारला आणि मग त्याच गाण्यातल्या मलायका अरोराला जाहिरातीत घेतलं. फुकटची जाहिरात अंगावर आली की आधी दचकायचं आणि मग हसून घ्यायचं, हा व्यापारधर्मच.

बाटली न दाखवता काम कसं होतं, याचा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये आहे. 1991 चा सिनेमा. कोठडीतला खुनी लेक्टर हवेतला वास घेतो आणि भेटायला आलेल्या क्लॅरिसला सांगतो, की ती एव्हियन क्रीम लावते, आणि 'लेर द्यू ताँ'ही वापरते, पण आज लावलेलं नाही. नीना रिचीचं हे अत्तर 1948 चं, बाटलीच्या झाकणावर कबुतरं. सिनेमात ती कबुतरं कुठेच दिसत नाहीत. पण पुढे त्याच भेटीत तो तिची चांगली बॅग आणि स्वस्तातले बूट काढतो, आणि गरिबीतून वर आलेली, एका महागड्या बाटलीपुरती हौस करणारी मुलगी आपल्यासमोर उभी राहते. सौंदर्यप्रसाधनाचं पडद्यावरचं खरं काम हे.

आपल्याकडे मात्र प्रसाधन सिनेमाच्या आत कमी आणि आजूबाजूला जास्त. लक्सच्या जाहिरातीत 1941 साली पहिली भारतीय नटी झळकली, ती आपली लीला चिटणीस. दहा वर्षांनी 'आवारा'त ती राज कपूरची आई झाली. आता आठवून बघा, हिंदी सिनेमातल्या आईच्या खोलीत कधी पावडरचा डबा दिसलाय? देव्हारा दिसेल, शिवणयंत्र दिसेल, खोकल्याच्या औषधाची बाटली दिसेल. ज्या बाईच्या चेहऱ्यावर साबण खपला, तिच्या आईपणाच्या वाट्याला साधी स्नोची बाटली आली नाही. आमच्या घरातल्या बायका अशा नव्हत्या. सासूबाईंच्या फडताळात शेवटपर्यंत अफगाण स्नो होता. मुंबईत पाटणवालांनी 1919 साली काढलेला. तो कधी, कशासाठी लावायच्या ते कुणी विचारलं नाही.

आणि विको. पेंढरकरांची ही 1952 ची मराठी कंपनी. तिला सिनेमात शिरायची गरज पडली नाही, कारण ती सिनेमाच्या आधी यायची. दिवे मालवले की हळदीचं क्रीम लावणारी नवरी पडद्यावर आलीच. शिवाय हे क्रीम प्रसाधन नव्हे, औषध आहे, असा कंपनीचा हट्ट. त्यावर कर किती लागणार हा प्रश्न असल्याने उत्पादन शुल्क खात्याशी कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललं.

जुन्या काळावरचे सिनेमे म्हणजे तर आम्हा नादिष्टांची पर्वणी. साठ सालच्या खोलीत बाटलीवर बारकोड दिसला की संपलं. बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तो 1974 साली, अमेरिकेत, तोही च्युइंगमच्या पाकिटावर. लेबलावरचा पत्ताही वाचावा. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. 'जि. रायगड' लिहिलेली पाटी सत्तर सालच्या प्रसंगात दिसली, तर आम्ही अष्टमीकडचे लोक ओरडणारच, कारण 1981 पर्यंत आमच्या या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. चोरबाजारातून जुना डबा आणणारे कलादिग्दर्शक मला म्हणून आवडतात. तो गंजलेला असतो, पत्रा चेपलेला असतो.

'लिपस्टिक अंडर माय बुरखा' (2017) आवडला तोही लेबलामुळेच. त्यातली भोपाळची रेहाना मॉलमधून प्रसाधनं चोरते. चोरलेल्या लिपस्टिकचं नाव कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहत नाही, ते मुठीत दडतं.

माझी तक्रार एकच आहे. पडद्यावरची प्रत्येक बाटली काठोकाठ भरलेली असते. आमच्याकडे क्रीमची ट्यूब संपत आली की शेपटाकडून गुंडाळत आणायची, मग चपटी करून पोळपाटावर लाटण्याने दाबायची, आणि शेवटी कात्रीने मधोमध कापून आतला थर बोटाने निपटायचा. अर्धी कापलेली ट्यूब दुसऱ्या अर्ध्याची टोपी घालून पुढे चार दिवस चालते. कटलरीवाल्यांकडे हीच तक्रार केली, तर ते म्हणाले, "तशी दाखवली तर आमचा नवा माल कोण घेईल?" कुठल्या सिनेमात कापलेली ट्यूब दिसली असेल, तर मिनिटासकट कळवा.